कानसेनाची सुई

आमच्या घरातली एक खोली गाड्यांना दिलेली आहे. गाड्या म्हणजे हातभर लांबीच्या, रिमोटवर पळणाऱ्या, पण पोटात खरं इंजिन असलेल्या. बॅटरीवर चालणाऱ्या गाडीला आमच्याकडे खेळणं म्हणतात, आणि तेही शिवी दिल्यासारखं. आमच्या गाड्या इंधन पितात, धूर सोडतात, पडद्यांना तेलकट वास लावतात आणि थंडीच्या दिवसांत सुरू व्हायला असे नखरे करतात की विचारू नका. मी पडदे शिवते, म्हणून पडद्यांचं जास्त लागतं.

माझ्या नवऱ्याला मैदानावर सगळे कानसेन म्हणतात. हळूहळू मीही म्हणायला लागले, आधी चिडवायला आणि मग सवयीने. ते नाव कसं पडलं ते सांगते. या इंजिनाच्या कार्ब्युरेटरवर एक बारीक पितळी स्क्रू असतो, त्याला ही मंडळी सुई म्हणतात. सुई सोडली की इंजिनात इंधन जास्त जातं, आवळली की कमी. जास्त गेलं तर गाडी जड होते, गुरगुरत आणि धूर ओकत चालते. कमी गेलं तर हलकी होते, सुसाट पळते, आवाज चढत जातो. पण इंजिनाला लागणारं तेल त्या इंधनातच मिसळलेलं असतं. इंधन कमी म्हणजे तेलही कमी, आणि मग सुसाट पळता पळता इंजिन आतून जळून मरतं. या दोहोंच्या मधली जागा केसाएवढी. दुसरे लोक ती तापमान मोजायच्या यंत्राने शोधतात. आमचे कानसेन नुसत्या कानाने शोधायचे. डोळे मिटायचे, मान तिरकी करायची, पेचकस जरासा फिरवायचा, थांबायचं, पुन्हा जरासा. मग म्हणायचे, "घे. आता गातेय." आणि ती खरंच गायची. मला यातलं काही कळत नाही असं मी लग्न झाल्यापासून सांगत आलेय, तरी एवढं मलाही कळायचं.

तो कान गेला होता.

एकदम नाही गेला, वरच्या पट्टीतल्या आवाजांपासून खाली उतरत गेला. बाटल्या भरायच्या कारखान्यात यांनी उभी हयात काढली. काचेवर काच आपटायचा आवाज सकाळपासून संध्याकाळपर्यंत कानाशी. आधी घड्याळाचा गजर ऐकू येईनासा झाला. मग दारावरची बेल. मग शेजारच्या चिमुरडीचं बोलणं. ती काही सांगायला आली की हे नुसते हसून मान हलवायचे, आणि ती बिचारी उत्तरासाठी माझ्या तोंडाकडे बघायची. पुरुषांचे आवाज येत होते. माझाही येत होता. "तुझा आवाज मेलेल्यालाही उठवेल," असं म्हणून हे विषय उडवून लावायचे. डॉक्टरकडे चला म्हटलं की, "मळ साठलाय कानात, दुसरं काही नाही." मी बोलून बोलून थकले. पालथ्या घड्यावर पाणी.

कारखान्याने वयापरत्वे घरी बसवल्यावर यांच्याजवळ एवढंच उरलं होतं: रविवारचं मैदान आणि कानसेन हे नाव. तिथे यांचं एक घडीचं टेबल असायचं. ते मांडलं रे मांडलं की लोक आपापल्या गाड्या काखोटीला मारून यायचे. दंतवैद्य यायचा, बेकरीवाला यायचा, परगावाहून कुणी आलेलं असलं तर तेही यायचं. "कानसेन, जरा बघता का?" आठवडाभर घरात माझ्यावर खेकसणारा माणूस त्या टेबलामागे असा काही बसायचा की बघत राहावं. ते टेबल गेलं तर या माणसाने सोमवारी उठायचं तरी कशासाठी, याची मला भीती वाटायची. रात्री यांच्याकडे बघत पडले की तीच भीती, सकाळी चहा टाकतानाही तीच.

या भीतीत मला एक भागीदार होता, माझा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत जाणारा पोरगा होता. भावजी म्हणायचं जिवावर आलं, म्हणून छोटू म्हटलं. आता छोटूचं पोट पुढे आलंय, केस मागे गेलेत, रुग्णालयात तो एक्स-रे काढतो, तरी छोटू तो छोटूच. सासरे लवकर गेले, त्याला वाढवलं ते यांनी. दादा म्हणेल ती पूर्व दिशा, हे त्याच्या हाडात मुरलेलं आहे. मैदानावर दादाने सुई लावायची आणि छोटूने रिमोट धरून गाडी पळवायची, अशी वाटणी पहिल्यापासून.

मागच्या हिवाळ्यात एक दिवस तो मी शिवत बसले होते तिथे आला. मला म्हणाला, "वहिनी, दादाला वरचे आवाज येत नाहीत ना?"

मी मशीन थांबवलं नाही. "तुला कुणी सांगितलं?"

"गाडीने. दर वेळी सुई आणखी आवळतोय. त्याला ती कायम जडच वाटते. चढा आवाज त्याच्यापर्यंत पोचतच नाही गं, खालची गुरगुर तेवढी ऐकतो आणि अजून आवळतो."

"मग सांग त्यांना."

"तू सांग."

मी नाही सांगितलं. त्यानेही नाही. दोघंही मूग गिळून बसलो.

मग त्याने एक युक्ती काढली. सुई लावून झाली की चालू गाडी टेबलापासून शर्यतीच्या रेघेपर्यंत छोटू उचलून नेतो. वाटेत बुटाची नाडी बांधायला तो खाली बसायला लागला. किल्ल्यांच्या जुडग्यात चिमुकला पेचकस होता. दादाकडे पाठ करायची, सुई थोडी सोडायची, उठायचं, चालायला लागायचं. गाडी पुन्हा ठिकाणावर यायची. तिकडून दादा टेबलामागून अंगठा दाखवायचे. असं वर्षभर चाललं, आणि गंमत म्हणजे त्या वर्षी आम्ही पूर्वीपेक्षा जास्त जिंकलो. बेकरीवाला चेष्टेने म्हणायचा, "वहिनी, याला बिननाडीचे बूट घेऊन द्या. एवढ्या सुटतात कशा याच्या नाड्या?"

पण घरी आल्यावर हे गाडी उघडून बसायचे. सुई पूर्ण बंद करत न्यायची आणि किती फेरे झाले ते मोजायचं, ही यांची जुनी सवय. मोजणी दर वेळी चुकायची. "पुन्हा सैल झाली. हादऱ्याने फिरतेय. आतलं रबरी कडं कुचकामाचं आहे." कडं बदललं, पुन्हा तेच. दुसरीकडून मागवलं, पुन्हा तेच. मग रबर बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा, आणि समोर बसलेला छोटू गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, "हल्ली मालच वाईट येतो, दादा." मला हसू आवरायचं नाही. तोंडावर पदर धरून मी आत जायची. त्या हसण्याचं आता फार वाईट वाटतं.

त्या रविवारी थंडी मी म्हणत होती. मैदान म्हणजे एका बंद गोदामामागची लांबरुंद डांबरी जागा. कडेच्या डबक्यांवर काचेसारखा पापुद्रा धरला होता. थंडीतल्या गाड्यांचं बाळंतपण मला तोंडपाठ आहे. गार इंधन नीट पेटत नाही, म्हणून त्याची बाटली कोटाच्या आत छातीशी धरायची. गार सिलिंडर पिस्टनला आवळून धरतो, तशात सुरू करायची दोरी जोर लावून ओढली तर आतली दांडी मोडते, म्हणून आधी केस वाळवायच्या यंत्राने इंजिन ऊबदार करून घ्यायचं. ते यंत्र माझं. घरात मी ते शोधत असते आणि ते गाड्यांच्या खोलीत सापडतं. इंजिनाच्या डोक्यावर जुन्या लोकरी मोज्याचा तुकडा चढवायचा, नाहीतर वारा सगळी ऊब घेऊन जातो. पुढच्या चाकांच्या दांड्या जास्तीच्या ठेवायच्या, कारण थंडीत प्लॅस्टिक बिस्किटासारखं मोडतं.

सकाळी टेबलाभोवती नेहमीसारखी गर्दी झाली. बेकरीवाल्याची गाडी काही केल्या सुरू होत नव्हती. दोरी ओढून ओढून त्याचा चेहरा लाल झाला होता.

"थांब, थांब, मारशील तिला," हे म्हणाले. "किती वेळा चोखवलंस इंधन?"

"दोनदा."

"दोनदा म्हणजे पाचदा. इंधनात बुडालीय ती." यांनी वरचा प्लग काढला, गाडी उलटी धरली, दोरी ओढली. भोकातून इंधनाची चिळकांडी उडाली ती बरोबर दंतवैद्याच्या पॅन्टवर. सगळे हसले. प्लग पुसून यांनी त्याला बॅटरीची तार जोडून पाहिली, आतली बारीक तार लालभडक पेटली. "प्लग चांगलाय. माणूस उतावळा आहे." दोन झटक्यांत गाडी सुरू झाली. मग दंतवैद्याची आली, तिच्या टाकीकडून येणाऱ्या नळीला चीर गेली होती आणि इंजिन मधूनच हवा ओढत होतं. यांनी नळी बोटांनी चाचपली आणि चीर कुठे आहे ते न बघता सांगितलं. बंद पडलेली गाडी कशाने बंद पडलीय हे यांच्या बोटांना अजूनही कळत होतं. मला तो सगळा वेळ आनंद होत होता. हे मुद्दाम सांगतेय, कारण नंतर कुणी माझ्यासमोर त्या दिवसाला वाईट दिवस म्हटलं की मला ती सकाळ आठवते.

मग यांनी आपली गाडी घेतली. छोटू तेव्हा पलीकडे शर्यतीचा क्रमांक घ्यायला गेला होता.

थंडीत हवा दाट असते, इंजिनात जास्त शिरते, म्हणून तिच्या जोडीला इंधनही जास्त द्यावं लागतं. थंडीत सुई सोडायची, आवळायची नाही. मैदानावर हे सगळ्यांना शिकवलं ते यांनीच. आणि यांनी सुरुवात तशीच केली, सुई चांगली सोडून. मग डोळे मिटले, मान तिरकी केली. कपाळाला आठी पडली.

"जड आहे," म्हणाले, आणि आवळली.

मग धूर पाहिला. थंडीत माणसाच्या तोंडातूनही वाफ निघते, तशी गाडीच्या नळीतूनही निघते; पांढरा लोट उठत होता. "बघ, किती ओकतेय." पुन्हा आवळली.

आता राहिली यांच्या पिढीची शेवटची परीक्षा. मोज्याचा तुकडा वर सारून इंजिनाच्या डोक्यावर बोटाने थुंकीचा थेंब ठेवायचा. इंजिन बरोबर तापलं असेल तर थेंब चर्र करून पळतो. त्या दिवशी बोचरा वारा सुटला होता. मोजा वर सारला की बाहेरच्या पात्या तेवढ्यात गार होत होत्या, आतलं काही का असेना. थेंब बसून राहिला. यांनी माझ्याकडे पाहिलं, "थंडगार आहे गं ही," आणि आणखी आवळली. कान, धूर, थेंब, तिघांनी एकच साक्ष दिली आणि तिघंही खोटे. माझ्या कानांना तो आवाज टोचायला लागला होता. मला वाटलं, असू दे, छोटू आहे.

तेवढ्यात यांनी खिशातून चिकटवायच्या द्रवाची नळी काढली. तोच तो, थेंब पडला की बोटं चिकटतात. दात कोरायच्या काडीवर थेंब घेऊन यांनी तो सुईच्या बुडाशी सगळीकडून फिरवला आणि वर फुंकर घातली.

"अहो, हे काय करताय?"

"रबरावर विसंबायचे दिवस गेले. आज बघतो कशी सैल होते ते."

"पण परत फिरवायची झाली तर?"

"कशाला फिरवायचीय? घरी गेल्यावर तापवून सोडवीन की." यांचा चेहरा थंडीने आणि खुशीने लाल झाला होता. "ऐक. ऐक कशी गातेय."

तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण भोवती चार माणसं उभी, आणि हे असे हसताहेत. तेवढ्यात छोटू धावत आला, गाडी उचलून चालायलाही लागला. मी त्याच्यामागे दोन पावलं गेले, हाक मारली, पण शर्यतीची पहिली शिट्टी झाली होती आणि इतर गाड्यांच्या आवाजात माझी हाक त्याच्यापर्यंत गेली नाही.

तो नेहमीच्या जागी नाडी बांधायला बसला. त्याची पाठ मला दिसत होती. पेचकस लागला, खांदा वळला, थांबला. पुन्हा जोर केला. मग त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. लहानपणी काही फोडून ठेवलं की तो असा बघायचा.

शर्यतीत गाडी पळवणारे एका उंच फळीवर ओळीने उभे राहतात. छोटू सगळ्यांच्या शेवटी चढला. मी यांच्याशेजारी येऊन उभी राहिले. सुरुवातीची शिट्टी झाली आणि सगळ्या गाड्या सुटल्या. आमची मागे राहिली. छोटू तिला अर्ध्या जोरावर चालवत होता, म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून न्यावं तसं.

"झोपलाय का हा?" हे म्हणाले. मग ओरडले, "छोटू! दाब!"

छोटूने थोडी दाबली. गाडीचा आवाज चढला. एवढ्या गाड्यांत तो आवाज वेगळा निघाला, वर, आणखी वर. मैदानावरची माणसं एकेक करून वळली. गाडीकडे नाही वळली. यांच्याकडे वळली. बेकरीवाल्याने डोळे मिटून घेतले. दंतवैद्य दोन्ही हात तोंडाभोवती धरून ओरडला, "आवळलीय! आत घ्या तिला! आवळलीय!"

"काय म्हणतोय तो?" यांनी मला विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं.

छोटूने फळीवरून आमच्याकडे पाहिलं. त्याला गाडी आत आणता आली असती. पण आत आणून, सगळ्यांसमोर, दादाला काय सांगायचं होतं? यांनी दोन्ही हात उंचावले आणि पूर्ण छातीने हाक दिली, "दाब रे, छोटू! दाब!"

आणि दादाचं न ऐकणं छोटूला जन्मात जमलेलं नाही. त्याने दाबली.

आमची गाडी पुढच्या तीन गाड्यांना कापत मैदानाच्या सरळ पट्ट्यात अशी काही निघाली की मला क्षणभर वाटलं, आता जिंकतेच ही. मग तिचा आवाज तुटला. गाडी थोडी घसरत गेली आणि कडेला जाऊन थांबली. यांच्या चेहऱ्यावरचं हसू आणखी जरा वेळ तसंच राहिलं. बाकीच्या गाड्या चालू होत्या, आणि एक आवाज कमी झालाय हे यांना गाडी थांबलेली दिसेपर्यंत कळलं नाही.

छोटूने ती दोन्ही हातांवर धरून आणली. यांनी दोरी ओढून पाहिली, हलली नाही. प्लग काढला, आतली तार वितळून गेलेली. बोटाने चाक फिरवून पाहिलं. पिस्टन जागीच धरला होता. मोज्याचा तुकडा करपून इंजिनाला चिकटला होता. हे सगळं यांनी शांतपणे केलं, दुसऱ्या कुणाची गाडी तपासावी तसं. मग सुईकडे आले. चिकटवलेला थेंब जसाच्या तसा होता, वर पेचकसाचे ताजे ओरखडे.

यांनी त्या ओरखड्यांवर अंगठा ठेवला.

"सुई हलली नाही," हे म्हणाले.

छोटूने किल्ल्यांचा जुडगा मुठीत झाकला.

"म्हणजे मी लावली तिथेच होती." यांनी अंगठा काढला. "मग दर वेळी घरी सैल कशी सापडायची?"

छोटू रडत होता. पोट सुटलेला, केस पांढरे व्हायला लागलेला माणूस सगळ्यांच्या देखत नाक ओढत रडत होता.

"किती दिवस, छोटू?"

"मागच्या हिवाळ्यापासून."

"सगळ्या शर्यती?"

छोटूने मान डोलावली. यांनी आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. यांनी चढवला नाही. "म्हणजे तू जिंकलास त्या," एवढंच म्हणाले.

"आपण जिंकलो, दादा."

"नाही रे."

आणि तेव्हा दंतवैद्याला राहवलं नाही. दुसऱ्यांची तोंडं उघडण्यात त्याचा जन्म गेला, स्वतःचं कधी मिटायचं ते कळलं नाही. "अहो कानसेन, त्याच्यावर कशाला नाराज होता? त्याने काही वेगळं नाही केलं. आम्हीसुद्धा तुम्ही लावून दिली की गोदामाच्या पलीकडे जाऊन..." बेकरीवाल्याने त्याला कोपर मारलं, पण उशिरा.

यांनी एकेकाकडे पाहिलं. जो तो आपल्या बुटांकडे बघत होता.

"सगळे?"

बेकरीवाला म्हणाला, "तुम्ही त्या टेबलाशी बसलेले असलात ना, की मैदानावर आल्यासारखं वाटतं हो आम्हाला."

मला हे ठाऊक नव्हतं. मला वाटत होतं, ते खोटं आम्हा दोघांचंच आहे. एवढी थोरली माणसं, कुणी दुकान चालवणारी, कुणी दवाखाना, माझ्या नवऱ्याचं मन राखायला रविवारी भिंतीच्या आडोशाला जाऊन सुया सोडत होती आणि परत येऊन त्याला म्हणत होती, वा कानसेन, काय लागलीय! एकेकाला जवळ घ्यावं असंही वाटलं आणि एकेकाच्या थोबाडीत द्यावी असंही. हे मात्र खुर्चीवर बसले. हत्यारं पुसून ओळीने मांडायला लागले.

दुपारच्या शर्यती सुरू झाल्या. मी फ्लास्कमधला चहा ओतून यांच्या हातात दिला आणि शेजारी बसले. छोटू लांब, आमच्या मोटारीच्या डिकीपाशी सामान भरत होता; भरलेलं काढत होता आणि पुन्हा भरत होता. थंडीने गाड्या बंद पडत होत्या. बेकरीवाल्याची पुन्हा बंद पडली. गाडी उचलून तो सवयीने आमच्या टेबलाकडे निघाला. अर्ध्यावर आला, थबकला, आमच्याकडे बघून कसनुसं हसला, आणि वळून दंतवैद्याकडे, त्याच्या तापमान मोजायच्या यंत्राकडे गेला. त्याच्यामागून आणखी एक जण गेला.

"येऊ दे की त्यांना," मी म्हटलं. "बुडालेली गाडी काढायला कान कशाला लागतो? मी बोलावते."

"नको. आता ते कसे येतील?" हे म्हणाले. "मी लावून दिल्यावर माझ्यादेखत सुई कशी सोडणार?"

आम्ही बसून राहिलो. यांनी चहा तसाच हातात धरला होता. यांचे डोळे मैदानावरून फिरत होते, एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर. कुठली कशी चाललीय हे डोळ्यांनी काढायचा प्रयत्न चालला होता, आणि ते जमत नव्हतं.

मग हे माझ्याकडे वळले.

"आपली कशी वाजत होती?"

"कधी?"

"शेवटी. तू ऐकलीस ना? सांग."

मला खोटं बोलता आलं असतं. वर्षभर तेच तर केलं होतं. पण यांची नजर माझ्या ओठांवर होती, आणि त्या नजरेसमोर मला ते जमलं नाही.

"ओरडत होती," मी म्हटलं.

"मोठ्याने?"

"हो. सगळ्यांना ऐकू गेली. पलीकडच्या रस्त्यावरही गेली असेल."

यांनी मान हलवली. हातातला गार झालेला चहा टेबलावर ठेवला.

"मला वाटलं," हे म्हणाले, "इतकी गोड ती कधीच गायली नव्हती."